अंगठा मायचा, पैसे दुसऱ्याच्या खिशात

केज तालुक्यातल्या आमच्या गावात माय श्रावणबाळ योजनेचे पेन्शनचे पैसे बँकेच्या मशीनवाल्याकडे अंगठा लावून काढायची. मशीनवाला म्हणायचा, "घेईना गं माय, परत लाव." ती बिचारी परत लावायची. पैसे हातात एकदाच, पावती कधीच नाही.

पासबुक भरून आणलं, तर एकाच तारखेला दोन-दोन वेळा रक्कम गेलेली. बँकेच्या शाखेत लेखी अर्ज दिला, पोच शिक्क्यानिशी घेतली (तोंडी सांगितलं की साहेब नुसतं "बघतो" म्हणतात). १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक (म्हणजे अंगठ्याचा वापर बंद) करायला गेलो, तर आधारला जोडलेला मोबाइल भावकीतल्या पोराचा! हे तुम्ही आधी तपासा. आधार केंद्रावर मायला नेऊन नंबर बदलला, मगच लॉक झालं. आता पैसे काढताना तेवढ्यापुरतं उघडतो, थोड्या वेळात ते आपोआप बंद होतं.

माय म्हणत होती, "जाऊ दे रे, आपल्याच गावचा हाय." मशीनवाल्याची सगळी भिस्त त्यावरच होती. अलीकडची रक्कम परत आली, जुन्या नोंदींचा पाठपुरावा चालू आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे. तो नंबर मायच्या फोनमध्ये टाकून दिलाय.