सॉल्टन सी खाली किटकिट सुरू झाली की घरात काय काय करून ठेवायचं

यंदा आई-बाबा चार महिन्यांसाठी आमच्याकडे इंडिओला, म्हणजे कॅलिफोर्नियात सॉल्टन सी या तलावाजवळ, आलेत आणि दोघं मूळचे डहाणूचे, म्हणजे २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या बाजूला जे भूकंपाचे धक्क्यांवर धक्के बसत होते तेव्हा त्यांनी किती रात्री अंगणात खाट टाकून काढल्यात, त्यामुळे स्वार्म (छोट्या धक्क्यांची रांग) म्हणजे काय हे त्यांना समजवावं लागत नाही, उलट तेच मला समजवतात. पण तिथलं शहाणपण इथे जसंच्या तसं चालत नाही, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतेय, ज्यांच्याकडे आई-वडील किंवा सासू-सासरे येणार आहेत त्यांनी जरूर वाचा.

आधी थोडक्यात, हे कशामुळे होतं. सॅन अँड्रियास फॉल्टचं (फॉल्ट म्हणजे जमिनीतली मोठी भेग) दक्षिणेकडचं टोक सॉल्टन सीच्या काठावर बॉम्बे बीचला येऊन संपतं (हो, बॉम्बे बीच, बाबांनी नकाशात दोनदा चष्मा लावून बघितलं). तिथून खाली इंपीरियल फॉल्टपर्यंतचा जो पट्टा आहे त्याला ब्रॉली सिस्मिक झोन म्हणतात, तिथे जमीन दोन्ही बाजूंनी ताणली जातेय, खाली आडवेतिडवे छोटे फॉल्ट आणि भरपूर गरम पाणी, म्हणूनच तर तिथे जिओथर्मल प्लांट आहेत. मग एक मोठा धक्का आणि मागून छोटे असं न होता शेकडो छोटे धक्के दोन-चार दिवस येत राहतात आणि आपोआप थांबतात. बहुतेक वेळा. २६ ऑगस्ट २०१२ च्या रविवारी ब्रॉलीत सकाळपासून बारीक बारीक चालू होतं आणि दुपारी ५.४ तीव्रतेचा धक्का आला, काही मोबाइल होम पायावरून सरकली. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये बॉम्बे बीचच्या समोरच स्वार्म झाला तेव्हा यूएसजीएसने (अमेरिकेची सरकारी भूगर्भ संस्था) सुरुवातीला सांगितलं होतं की पुढच्या आठवड्यात ७ च्या वरचा यायची शक्यता ३००० त १ ते १०० त १ एवढी आहे, एरवी कुठल्याही आठवड्यात ती साधारण ६००० त १ असते. झालं काहीच नाही. म्हणजे घाबरून सामान बांधायची गरज नाही, पण वर्षभर ढकललेली कामं उरकायला याच्याइतका चांगला आठवडा मिळणार नाही, माझी तरी सगळी तयारी अशाच आठवड्यांत झालीये.

सगळ्यात पहिलं पाणी. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे जवळजवळ ४ लिटर, हा सरकारी हिशोब आहे आणि तो समुद्राकाठच्या लोकांना ठीक आहे, आपल्याकडे जुलैत ४५ च्या वर जातं आणि लाइट गेली की एसी पण गेला, तर मी दुप्पट धरते. नळाला येईल की असं म्हणू नका, इथलं नळाचं पाणी जमिनीखालच्या विहिरींतून पंपाने वर येतं, वीज नाही तर पंप नाही. आणि बाटल्यांचे क्रेट गराजमध्ये ठेवू नका प्लीज, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते, मागच्या वर्षीच्या बाटल्या उघडल्या तर पाण्याला प्लास्टिकचा असा वास की झाडांना घातलं सगळं. आता कोटांच्या कपाटात खाली ठेवलंय, वर स्केचपेनने तारीख. शिवाय वॉटर हीटरच्या टाकीत दीडशे-पावणेदोनशे लिटर असतंच, फक्त ती टाकी वर आणि खाली दोन पट्ट्यांनी भिंतीला घट्ट बांधलेली हवी, नाहीतर ती आडवी होईल, पाणी पण जाईल आणि गॅसचा पाइप पण तुटेल.

गॅसवरून आठवलं, मीटरजवळ पाना बांधून ठेवा आणि घरातल्या दोघांना तरी व्हॉल्व्ह पाव वळसा कसा फिरवायचा ते दाखवा, पण वास आला किंवा सूं आवाज आला तरच बंद करायचा, उगाच नाही, कारण परत सुरू करायला कंपनीचाच माणूस लागतो आणि मोठ्या भूकंपानंतर तो कधी येईल देव जाणे.

देवावरून देवघर. ५ जून २०२१, शनिवार, अकरा वाजायला आले होते, मी पोळ्या करत होते आणि देवघरातली घंटा आपोआप वाजली. दोनदा टिण टिण, मग ताम्हनात पळी खुळखुळली, आणि तेवढ्यात वरचा दिवा झोके घ्यायला लागला तेव्हा कळलं. कॅलिपॅट्रियाच्या बाजूला ५.३ झाला होता. त्या दिवशी लक्षात आलं की चार किलोची पितळी समई मी पलंगाच्या डोक्यावरच्या फळीवर ठेवलीये. आता देवघर खाली आहे, मूर्तींना बुडाशी म्युझियम पुटी लावलीये (आईला आधी ते च्युइंगम वाटलं, देवांना काय चिकटवतेस म्हणाली), आणि स्वार्म चालू असेल तर तेवढे दिवस निरांजन लावून दुसऱ्या खोलीत जायचं नाही. लोणच्याच्या काचेच्या बरण्या खालच्या कपाटात, वरच्या कपाटांना लहान मुलांसाठी असतात तसले लॅच, आणि पुस्तकांचं कपाट भिंतीतल्या लाकडी स्टडला स्क्रूने, नुसत्या ड्रायवॉलमध्ये स्क्रू मारला तर तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो.

आता सगळ्यात अवघड काम, बाबांची सवय मोडणं. तिकडे हललं की बाहेर पळायचं, कौलं आणि भिंती अंगावर येतात म्हणून. इथली घरं लाकडी सांगाड्याची, ती वाकतात, कुरकुरतात, पण सहसा बसत नाहीत, आणि पळताना दारात फुटलेल्या काचा, बाहेर छपराची कौलं आणि ती काँक्रीट ब्लॉकची कंपाउंड वॉल, म्हणजे बाहेरच जास्त धोका. तर खाली बसा, टेबलाखाली जा, टेबलाचा पाय धरून ठेवा. बाबांचे गुडघे दुखतात, ते खाली कुठे बसणार, म्हणून त्यांना सांगितलंय की झोपला असाल तर उठायचंच नाही, पालथं होऊन उशी डोक्यावर घ्यायची, खुर्चीत असाल तर वाकून मान दोन्ही हातांनी झाकायची. दोनदा प्रॅक्टिस घेतली, दुसऱ्यांदा तरी हसले नाहीत. प्रत्येकाच्या पलंगाला पिशवीत बूट आणि टॉर्च बांधलाय, चप्पल नाही, बूट, काचेवरून चालायचं असतं.

फोनवर मायशेक हे भूकंपाचा इशारा देणारं अ‍ॅप टाका, आई-बाबांच्या पण, लोकेशन चालू ठेवून. ४.५ च्या वरच्याला अलर्ट येतो, पण फॉल्टच्या इतक्या जवळ राहतो आपण की कधी कधी धक्का आधी आणि फोन नंतर.

गाडीत अर्धी टाकी पेट्रोल कायम, आणि वीज नसताना गराजचं दार हाताने उघडता येतं का ते आजच बघा, वरून एक लाल दोरी लोंबकळत असते ती ओढली की दार मोटरपासून सुटतं. आमच्याकडे दोरी ओढली पण दार मला एकटीला उचललं नाही, स्प्रिंग गेलेली निघाली, म्हणजे खरंच काही झालं असतं तर गाडी आतच. हे महत्त्वाचं आहे कारण उन्हाळ्यात घरचा एसी बंद पडला तर म्हाताऱ्यांसाठी गाडीचा एसी हाच आधार, अर्थात गाडी बाहेर उघड्यावर काढून, बंद गराजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, कधीच नाही. आणि लगेच लॉस एंजेलिसकडे सुटू वगैरे डोक्यातून काढून टाका, आय-१० हायवे सॅन अँड्रियासच्या पट्ट्यातूनच जातो, मोठा झाला तर रस्ता सुरू असेलच असं नाही.

औषधं पंधरा दिवसांची जादा, प्रिस्क्रिप्शनचा फोटो, पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या कॉपी झिपलॉकमध्ये, सुटे डॉलर, आईच्या इन्सुलिनसाठी छोटा आइसबॉक्स आणि फ्रीझरमध्ये आइसपॅक. घराच्या नेहमीच्या इन्शुरन्समध्ये भूकंप धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो, तेवढं एकदा कागद काढून बघा.

आणि सगळ्यांनी एकमेकांना फोन लावत बसायचं नाही, लाइन लागत नाहीत, एकाच बाहेरच्या माणसाला मेसेज टाकायचा आणि त्याने बाकीच्यांना कळवायचं. आम्ही पुण्याचा मामा ठरवलाय, उन्हाळ्यात तो आपल्यापेक्षा साडेबारा तास पुढे असतो, म्हणजे आपली मध्यरात्र असली तरी तो जागा. त्याला विचारलं तर म्हणाला चालेल, पण दर ३ च्या धक्क्याला गुड मॉर्निंग पाठवू नका.