चार-सहा बिऱ्हाडांची बिल्डिंग विकत घेताना

पुण्याच्या कडेला धायरी, नऱ्हे, आंबेगाव, लोहगाव, वाघोली या पट्ट्यात एक-दोन गुंठ्यांवरच्या दोन-तीन मजली बिल्डिंगी सतत विकायला असतात. एजंट पहिल्यांदा भाड्याचा आकडा सांगतो. तो ऐकावा आणि कागद मागावेत. ज्या कागदांवर आज बँक तुम्हाला कर्ज देत नाही, ते कागद उद्या तुमच्या गिऱ्हाइकालाही कर्ज मिळू देणार नाहीत.

पालिकेत आलेल्या गावांमध्ये (2017 साली 11, 2021 साली 23) विक्रेते बऱ्याचदा ग्रामपंचायतीचा नमुना 8 पुढे करतात. ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तुम्हाला हवा विक्रेत्याच्या नावाचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, त्याचे स्वतःचे नोंदणीकृत खरेदीखत, फेरफार, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. बांधकाम गुंठेवारीतले (परवानगीशिवाय पाडलेल्या गुंठा-गुंठाभर तुकड्यांवरचे) असेल तर नियमितीकरणाचा दाखला बघा. 2001 च्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे पात्र ठरली, पण पात्र असणे वेगळे आणि दाखला हातात असणे वेगळे. ‘अर्ज टाकलाय’ म्हणजे दाखला नाही.

सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे आणि त्यात विक्रेत्याचा एक गुंठा सामाईक, असा प्रकार फार. त्यावर बँकेचा वकील हमखास अडतो. नोटरी आणि कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या व्यवहारांना तर हातच लावू नये. अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे. ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा, बहिणींची हक्कसोडपत्रे आणि झोन दाखलाही तपासा. नदीकाठी असाल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघा. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले होते. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, या दोन खर्चांत काटकसर नको.

पेठेतला जुना वाडा स्वस्त दिसला तरी आत पागडीचे भाडेकरू आहेत का, ते आधी विचारा. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूचे भाडे वर्षाला 4 टक्क्यांनी वाढते आणि त्याला काढणे ही कोर्टाची लांबलचक गोष्ट असते. तो वेगळा धंदा आहे.

आता पैशाचे. उदाहरणादाखल 1 कोटी 10 लाखांची, सहा खोल्यांची बिल्डिंग धरू. पालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 7 लाख 70 हजार, नोंदणी फी 30 हजार. एकूण 1 कोटी 18 लाख. खोलीमागे 9 हजार भाडे धरले तर वर्षाला 6 लाख 48 हजार. त्यातून महिन्याभराचे रिकामेपण वजा केले की उरतात 5 लाख 94 हजार. मिळकतकर 45 हजार (भाड्याने दिलेल्या घराला स्वतः राहणाऱ्याची 40 टक्के सवलत नसते), टँकर, पंप आणि जिन्यातले दिवे 42 हजार, डागडुजी 50 हजार, दलाली-करारनामे 30 हजार. हातात 4 लाख 27 हजार. परतावा साडेतीन टक्क्यांच्या जरा वर.

कर्जाची गोची इथेच आहे. 10 टक्के व्याज आणि 15 वर्षांची मुदत धरली तर लाखामागे हप्ता सुमारे 1,075 रुपये येतो. 60 लाखांचा हप्ता साडेचौसष्ट हजार, आणि सगळ्या खोल्या भरलेल्या असल्या तरी भाडे चोपन्न हजारच. खर्च जाऊन महिन्याला हातात राहणाऱ्या साडेपस्तीस हजारांतून थोडा श्वास ठेवून 26-27 लाखांचेच कर्ज फिटते. बाकीचे स्वतःचे भांडवल किंवा पगार. ‘भाड्यातून हप्ता निघतो’ हे वाक्य पुण्यात बहुधा ब्रोशरमध्येच खरे असते.

75 लाखांवरच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा किमतीच्या 75 टक्के आहे आणि मुद्रांक-नोंदणी त्यात धरत नाहीत. अख्खी भाड्याची बिल्डिंग म्हटल्यावर बँका अनेकदा याहून कमी देतात आणि व्याज जास्त लावतात. राहत्या फ्लॅटवर तारण कर्ज काढायचा पर्याय आहे, पण मुदत कमी आणि दर चढा. म्हणून विसार देण्याआधीच कागदांची झेरॉक्स बँकेच्या वकिलाला दाखवा. विसार पावतीत ‘कागदांतील दोषामुळे कर्ज नाकारल्यास विसार परत’ हे वाक्य लिहून घ्या, आणि विसार खात्यातूनच द्या. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. विक्रेता परदेशस्थ असेल तर हा दर लागत नाही, बराच जास्त असतो. सीएला आधी विचारा.

प्राप्तिकरातही एक खाच आहे. भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा होतो, मग 30 टक्के सरसकट वजावट आणि व्याज. टँकर, रंगकाम वेगळे दाखवता येत नाही. नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वजा होत नाही.

खरेदीखताच्या आधी प्रत्येक भाडेकरूला स्वतः भेटा. सांगितलेले भाडे आणि खरे भाडे यांत फरक सापडतो. सहा जणांच्या डिपॉझिटचे, समजा 30 हजारांप्रमाणे 1 लाख 80 हजार, किमतीतून वळते करून घ्या, नाहीतर ते परत करायची वेळ तुमच्यावर येते. कोणी विनाकरारनामा वर्षानुवर्षे राहत असेल तर व्यवहार पुढे नेण्याआधी तिढा सोडवायला विक्रेत्याला सांगा. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर भाडेकरूचे म्हणणेच खरे मानले जाऊ शकते.

ताबा मिळाला की सगळे लिव्ह अँड लायसन्स करार आपल्या नावाने नव्याने नोंदवा. 11 महिन्यांच्या करारालाही नोंदणी सक्तीची आहे. 9 हजार भाड्याला मुद्रांक तीनशेच्या आत, नोंदणी फी 1,000. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती त्याच दिवशी द्या. महावितरणचे मीटर खोलीनिहाय वेगळे नसतील तर ते आधी बसवा, कारण सामाईक मीटरवर एसी कुणाचा चालतो आणि बिल कुणी भरायचे, यावरून पहिल्याच उन्हाळ्यात भांडणे लागतात.