गॅमा किरणांचे यील्ड कसे काढावे: शिखरातल्या काउंटपासून खऱ्या संख्येपर्यंत

बीम (वेगवान कणांचा झोत) लक्ष्यावर आदळला की गॅमा किरण सुटतात. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या ऊर्जेच्या किती नोंदी (काउंट) झाल्या याच्या आलेखात, दिसते ते शिखर. आपल्याला हवी असते ती लक्ष्यातून प्रत्यक्ष बाहेर पडलेल्या गॅमा किरणांची संख्या, म्हणजेच यील्ड. हिशेब एका ओळीत मावतो:

यील्ड = निव्वळ काउंट ÷ (पूर्ण-ऊर्जा कार्यक्षमता × लाइव्ह टाइमचे प्रमाण)

पूर्ण-ऊर्जा कार्यक्षमता म्हणजे सुटलेल्या किरणांपैकी पूर्ण ऊर्जेसह शिखरात नोंदल्या जाणाऱ्यांचे प्रमाण. लाइव्ह टाइम म्हणजे यंत्रणा नवी नोंद घ्यायला मोकळी असते तो वेळ. घोळ होतो तो कार्यक्षमतेत. ती एकट्या जर्मेनियम स्फटिकाची नसते. ट्रिगर (नोंद कधी करायची ती अट), टाइम विंडो (एकत्र धरायच्या नोंदींमधले वेळेचे अंतर), शेजारच्या स्फटिकांत विभागलेली ऊर्जा परत जोडणारा अ‍ॅडबॅक आणि डेटा वेगळा काढणारा सॉर्टिंगचा कोड या सगळ्यांची मिळून असते. म्हणून स्रोताचा (ज्ञात किरणोत्सारी नमुन्याचा) डेटा आणि बीमचा डेटा एकाच चाळणीतून काढा. बीमच्या वेळी दोन डिटेक्टर एकदम फायर झाले तरच नोंद होत असेल आणि स्रोत एकेरी ट्रिगरवर मोजला असेल, तर ती कार्यक्षमता जशीच्या तशी वापरता येत नाही. क्लोव्हरमध्ये (चार स्फटिकांच्या डिटेक्टरमध्ये) अ‍ॅडबॅक करणार असाल, तर स्रोतालाही तोच अ‍ॅडबॅक, त्याच विंडोसह लावा.

स्रोताचे मोजमाप. युरोपियम-१५२ नेमका लक्ष्याच्या जागी ठेवा. त्याच्या १२१.८ पासून १४०८.० केईव्हीपर्यंतच्या (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) रेषा, म्हणजे ठरावीक ऊर्जेचे किरण, बहुतेक कामाला पुरतात. खालच्या टोकाला बेरियम-१३३ च्या ८१ आणि ३५६ केईव्हीच्या रेषा जोडा. १४०८ च्या वरचे काम असेल तर कोबाल्ट-५६ लागतो. बिंदूंमधून वक्र बसवताना कार्यक्षमतेचा लॉगॅरिथम ऊर्जेच्या लॉगॅरिथमच्या बहुपदीत मांडा आणि शेवटच्या बिंदूच्या पलीकडे तो वक्र ताणू नका. बहुपदी तिथे कुठेही भरकटते.

स्रोताच्या दाखल्यावरची अ‍ॅक्टिव्हिटी आजची नसते. युरोपियम-१५२ चा अर्धायुकाल सुमारे १३.५ वर्षे. दाखला १० वर्षांपूर्वीचा आणि त्यावर ३७ किलोबेकरेल (सेकंदाला ३७ हजार विघटने) लिहिले असेल, तर आज उरलेत सुमारे २२.१. हे विसरलात तर कार्यक्षमता खऱ्याच्या ०.६ पट निघते आणि प्रत्येक यील्ड १.६७ पट फुगते. आकृत्यांमध्ये काहीच खटकत नाही, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते. आता या २२.१ किलोबेकरेलवर १ तास मोजा: १४०८ ची तीव्रता २०.९ टक्के (दर १०० विघटनांमागे इतके किरण), म्हणजे सुमारे १.६६ कोटी किरण सुटले. शिखरात २ लाख काउंट मिळाले, तर कार्यक्षमता ०.०१२.

दुसरा सापळा बेरजेचा. १४०८ आणि १२१.८ चे किरण एकापाठोपाठ सुटतात. दोन्ही एकाच डिटेक्टरमध्ये शिरले तर नोंद १५२९.८ वर होते आणि दोन्ही शिखरांतला एकेक काउंट बुडतो. डिटेक्टर लक्ष्याजवळ असतील तर हे वाढते. अ‍ॅडबॅकमध्ये चार स्फटिक एकच धरले जात असल्याने आणखी वाढते. पडताळणीसाठी सीझियम-१३७ ठेवा. त्याची ६६१.७ ची रेषा एकटीच असते. तिचा बिंदू वक्राच्या वर गेला तर युरोपियमच्या बिंदूंना बेरजेची दुरुस्ती हवी.

निव्वळ काउंट. समजा शिखरावरच्या ११ चॅनेलच्या (स्पेक्ट्रममधल्या ऊर्जेच्या कप्प्यांच्या) विंडोत ५६,४०० काउंट आहेत आणि दोन्ही बाजूंच्या मिळून २२ चॅनेलमध्ये १६,४००. शिखराखालची पार्श्वभूमी निम्मी, ८,२००. निव्वळ ४८,२००. अनिश्चितता मात्र ४८,२०० चे वर्गमूळ नव्हे. ५६,४०० अधिक १६,४०० चा चौथा हिस्सा, यांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे २४६. बाजूच्या पट्ट्यांत दुसरे शिखर लपलेले नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. न्यूट्रॉनमुळे जर्मेनियममध्येच उठणारी ५९६ आणि ६९१ केईव्हीची त्रिकोणी, उजवीकडे ओघळलेली शिखरे इथे हमखास फसवतात.

लाइव्ह टाइम. प्रीअ‍ॅम्प्लिफायरला (डिटेक्टरलगतच्या पहिल्या वर्धकाला) १० हर्ट्झचा पल्सर, म्हणजे ठरावीक गतीने कृत्रिम पल्स देणारे उपकरण, जोडा. तासाभरात ३६,००० पल्स गेले आणि शिखरात ३१,६८० आले, तर प्रमाण ०.८८. मग यील्ड = ४८,२०० ÷ (०.०१२ × ०.८८), म्हणजे सुमारे ४५.६ लाख. कार्यक्षमतेत ३ टक्के आणि लाइव्ह टाइममध्ये १ टक्का अनिश्चितता धरली, तर एकूण ३.२ टक्के: ४५.६ ± १.५ लाख. सांख्यिकी अनिश्चितता जेमतेम अर्धा टक्का होती, तेव्हा बीमचा वेळ वाढवण्यापेक्षा स्रोतावर मेहनत घेतलेली बरी.

कोन आणि वेग. अभिक्रियेनंतर केंद्रके एका दिशेला जुळलेली असतात, त्यामुळे किरण सगळीकडे सारखे सुटत नाहीत. बीमशी सारखा कोन करणाऱ्या डिटेक्टरांच्या रिंग वेगळ्या ठेवून कोनीय वितरण बसवा. मोजकेच डिटेक्टर असतील तर ५४.७ किंवा १२५.३ अंशांवर त्या वितरणातले दुसऱ्या क्रमाचे पद शून्य होते, चौथ्या क्रमाचे उरते. केंद्रक प्रकाशाच्या २ टक्के वेगाने जात असेल, तर ४५ अंशांवर १००० केईव्हीची रेषा सुमारे १०१४ वर सरकते. रिंगांची बेरीज या वेगामुळे झालेल्या सरकण्याची (डॉप्लर) दुरुस्ती केल्यानंतरच करा.

कोइन्सिडन्स. एकाच वेळी नोंदलेल्या दोन किरणांच्या जोडीचे यील्ड काढताना अ‍ॅरेच्या एकूण कार्यक्षमतांचा सरळ गुणाकार करू नका. एकाच डिटेक्टरची स्वतःशी जोडी होत नाही. १२ सारखे डिटेक्टर असतील तर त्या गुणाकाराला ११/१२ ने गुणा.

कमी ऊर्जेच्या संक्रमणात अंतर्गत रूपांतरणाने (केंद्रकाने गॅमाऐवजी ऊर्जा अणूतल्या इलेक्ट्रॉनला दिल्याने) सुटलेले इलेक्ट्रॉनही धरायला हवेत: गॅमा यील्डला १ अधिक रूपांतरण गुणांकाने (दर गॅमामागे सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येने) गुणा. ही दुरुस्ती झाली की सम-सम केंद्रकाच्या (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येत) तळाकडच्या ऊर्जा-पातळ्या तपासा; ४+, २+, ०+ ही त्यांची स्पिन आणि पॅरिटीवरून पडलेली नावे, ०+ सर्वांत खाली. पहिल्या ४+ मधून पहिल्या २+ मध्ये आलेले प्रत्येक केंद्रक पुढे ०+ मध्ये उतरतेच. खालच्या संक्रमणाचे यील्ड वरच्यापेक्षा कमी निघाले, तर आधी कमी ऊर्जेकडचा कार्यक्षमतेचा वक्र आणि डिस्क्रिमिनेटरचा (लहान संकेत गाळणाऱ्या भागाचा) उंबरठा तपासा.