माकडताप : ताप उतरला म्हणून लगेच बागेत जाऊ नका

काजू बी पडायला लागली की सगळ्यांचा जीव बागेत अडकतो. गोचिडी चावून होणाऱ्या माकडतापाचेही हेच दिवस. 2016 ला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आणि पुढच्या वर्षी बांद्यात आपण तो पाहिला आहे. गोचिडीची पिल्लं तिळाएवढी असतात, चावलेलं कळतही नाही.

गोचिडीपेक्षा मला भीती वाटते ती ताप उतरल्यानंतरच्या दिवसांची. आठ-दहा दिवसांनी ताप जातो, माणूस बरा दिसतो आणि लगेच पाटी घेऊन बागेत. दहातल्या एक-दोघांना मात्र आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप उलटतो आणि या खेपेला तो मेंदूवर जाऊ शकतो. असा एक बागायतदार मी पाहिला. खळ्यात बी निवडत बसला होता, बोटं थरथरत होती, उचललेली बी हातातून सुटत होती. घरचे म्हणाले, अशक्तपणा आहे. दुकानातून टॉनिक आणलं. दोन दिवसांनी मान वळेना, बोलणं असंबद्ध झालं. दवाखाना तोवर गाठलाच नव्हता.

जोराची डोकेदुखी, मान ताठणं, हात थरथरणं, अंधूक दिसणं, झापड, बडबड किंवा झटका, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. आधी माकडताप झाला होता, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो.

नेहमीची कामं :
- पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला डेपा तेल (गोचिडी दूर ठेवणारं)
- घरी येताच कपडे गरम पाण्यात, साबणाने आंघोळ. काखा, जांघा, कानामागे बघणे
- रानातला पातेरा (वाळका पाला) गोठ्यात अंथरू नये
- गुरांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने डेल्टामेथ्रिन 1.25 टक्के, लिटरभर पाण्यात 2 मिली. अंग सुकेपर्यंत चाटू देऊ नये

दुकानदार अख्ख्या बागेवर मारायला महागडं औषध गळ्यात मारेल, घेऊ नका. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. तिथे कीटकनाशक भुकटी धुरळायचं काम त्यांचं. माझा अनुभव असा की गुरांच्या वाटेवरच्या सावलीतल्या पातेऱ्यात पिल्लं जास्त चिकटतात. तिथली बी शेवटी, काठीने पातेरा सारून गोळा करा.

घरात कुणाला माकडताप झाला असेल तर ताप उतरल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. पुढचे 21 दिवस त्याला बागेत पाठवू नका, एकटं झोपू देऊ नका आणि रोज सकाळी भरला पेला हातात देऊन हात थरथरतो का बघा.