पांढऱ्या मुळांपुरता रंग आणि ड्रायरच्या हवेची दिशा

घरच्या घरी केस रंगवणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी असते की, पहिल्या एक-दोन वेळा रंग छान बसला, पण वर्षभरात मुळाशी तपकिरी, मध्ये गडद आणि टोकांना जवळजवळ काळा असे पट्टे दिसू लागले. दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो, परंतु बहुतेक वेळा तो लावण्याच्या पद्धतीत असतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे पाच-सहा आठवड्यांनी रंगाची गरज असते ती मुळाशी उगवलेल्या जेमतेम दोन सेंटिमीटर पांढऱ्या भागाला. उरलेल्या लांबीवर आधीचा रंग असतोच. त्यावर दर वेळी नवा थर चढवला की टोके काळवंडतात आणि राठही होतात.

छटा निवडताना खोक्यावरचा आकडा पाहावा. साधारणपणे 1 म्हणजे काळा, 3 म्हणजे गडद तपकिरी, 4 म्हणजे तपकिरी आणि 5 म्हणजे फिकट तपकिरी. दशांशचिन्हापुढचा अंक सोनेरी किंवा लालसर अशी झाक दाखवतो. चाळिशीनंतर 1 क्रमांकाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो काळा रंग टोपासारखा दिसतो आणि तीन आठवड्यांत भांगातली पांढरी रेघ त्यावर अधिकच उठून दिसते. शिवाय रंगावर रंग लावून केस फिकट होत नाहीत, त्यामुळे एकदा काळे केलेले केस पुढे तपकिरी करणे घरी जमण्यासारखे नसते. शंका असल्यास एक छटा फिकट घ्यावी.

त्वचेची चाचणी मात्र कोणत्याही कारणाने टाळू नये. गडद रंगांत बहुधा पीपीडी हे रसायन असते आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. वर्षानुवर्षे काही त्रास न झालेल्या माणसालाही ती अचानक होऊ शकते, म्हणून दर वेळी पाकिटावरील सूचनेप्रमाणे कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस थोडासा रंग लावून 48 तास वाट पाहावी. खाज, लाली किंवा सूज आली तर तो रंग वापरू नये. चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या अनेक पुड्यांतही पीपीडी असते. शुद्ध मेंदीचा रंग मुळात नारिंगी-तांबूस असतो, तेव्हा नुसत्या मेंदीने केस काळेभोर होतील ही समजूत सोडून द्यावी. भुवया आणि पापण्यांना केसांचा रंग कधीही लावू नये.

रंग लावण्याच्या दिवशी आधी केस धुऊ नयेत, कारण टाळूवरचा नैसर्गिक तेलकटपणा त्वचेचे थोडे रक्षण करतो. पण डोके तेलाने चोपडलेलेही नसावे. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलीन लावावे, हातमोजे घालावेत आणि मिश्रण प्लास्टिकच्या किंवा काचेच्या वाटीत, स्टीलच्या नव्हे, लावायच्या वेळीच करावे. उरलेले मिश्रण बाटलीत झाकून ठेवल्यास आत वायू साठून बाटली फुटू शकते, म्हणून ते टाकूनच द्यावे.

कपाळापासून मानेपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत भांग पाडून केसांचे चार भाग करावेत व चाप लावावेत. सुरुवात कानशिलांपासून आणि कपाळालगतच्या केसांपासून करावी, कारण तिथले पांढरे केस चिवट असतात आणि रंग उशिरा धरतात. त्यानंतर कंगव्याच्या शेपटीने अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर भांग पाडत, ब्रशने दोन्ही बाजूंना फक्त पांढऱ्या भागावर रंग भरावा आणि जुना रंग जिथे सुरू होतो तिथे हात थांबवावा. मागच्या बाजूसाठी दोन आरसे किंवा घरातले कोणीतरी हवेच. वेळ पाकिटावर दिली असेल तितकीच ठेवावी; लांबीचा रंग उतरलेला असेल तर शेवटची पाच मिनिटेच मिश्रण खाली ओढून घ्यावे.

धुण्याआधी थोडे कोमट पाणी घेऊन बोटांनी टाळू चोळल्यास कडेचे डाग बरेचसे निघतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत केस धुवावेत, मग कंडिशनर लावावा आणि शाम्पू दोन दिवस टाळावा. बोअरवेलचे जड पाणी असलेल्या घरांत शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्यावा, कारण जड पाण्यातील क्षार केसांवर बसून रंगाची चमक मारतात.

ओल्या केसाला वळण देता येते आणि तो वाळताना ज्या आकारात असेल तोच धरून ठेवतो, त्यामुळे ब्रशचे खरे काम शेवटच्या टप्प्यात असते. टॉवेलने केस खसाखसा न पुसता दाबून पाणी टिपावे, उष्णतेपासून संरक्षण देणारे सीरम लावावे आणि साधारण तीन-चतुर्थांश केस नुसत्या बोटांनी मोकळे करत वाळवावेत. त्यानंतर ड्रायरला चपटे तोंड लावून मानेकडच्या बटांपासून वर यावे. गोल ब्रश बटेखाली धरावा, ड्रायर सुमारे 15 सेंटिमीटरवर सतत हलता ठेवावा आणि हवा मुळाकडून टोकाकडेच जाऊ द्यावी. केसावरचे खवले टोकाच्या दिशेने मिटलेले असतात. उलट हवेने ते उचलले जाऊन केस पिंजारतात. ब्रश सोडवण्यापूर्वी थंड हवेचे बटण काही सेकंद दाबले की वळण टिकते.

ड्रायर 2000 वॉटचा असेल तर तो 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर वीज ओढतो, म्हणून तो 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटला किंवा हलक्या एक्स्टेंशन बोर्डाला न लावता 16 अँपिअरच्या सॉकेटला लावावा, आणि बाथरूममध्ये तर मुळीच वापरू नये. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवा तासाभरात वळण मोडते. अशा दिवसांत मुळे पूर्ण कोरडी करावीत आणि बाहेर पडण्यापूर्वी केस पुरते थंड होऊ द्यावेत.