बोर्डो घरच्या घरी कसं बनवायचं, आणि ते आलं कुठून

आमच्या नान्नजकडं पावसाळी हवा झाली की द्राक्षबागेत पहिलं नाव निघतं बोर्डोचं, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याच्या फवारणीच्या औषधाचं. हे फ्रान्समधल्या बोर्डो शहराचं नाव, तिथली वाईन शेकडो वर्षं जहाजानं इंग्लंडला जायची. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड फ्रान्सला पोचली आणि बागाच्या बागा वाळल्या, मग उपाय म्हणून अमेरिकन खुंटावर कलमं सुरू झाली (आपल्याकडचा डॉगरिज खुंट पण मूळ टेक्सासचाच), आणि ह्या ये-जा मध्ये अमेरिकेतला डाऊनी हा द्राक्षाच्या पानांचा बुरशीचा रोग पण घुसला, १८७८ला फ्रान्सच्या बागेत दिसला.

१८८२ला मिलार्दे नावाचे प्रोफेसर बोर्डोजवळच्या मेडॉक भागात फिरत होते. सगळीकडं पानगळ, फक्त रस्त्याकडच्या ओळी हिरव्या. येणारेजाणारे द्राक्षं तोडतात म्हणून शेतकऱ्यांनी त्या ओळींवर मोरचूद-चुना मारला होता, निळं दिसलं की लोकांना विष वाटायचं. त्यावरून मिलार्देंनी प्रयोग केले आणि १८८५ला औषध जाहीर केलं. रस्त्याकडची ओळ सांभाळायची धडपड आपल्याला नवीन नाही, म्हणून मला हा किस्सा लई जवळचा वाटतो.

आता १ टक्का, १०० लिटरचं. प्लास्टिकचेच बॅरल घ्या, लोखंडी अजिबात नको. १ किलो मोरचूद फडक्यात बांधून रात्रीच ५० लिटर पाण्यात लोंबकळत ठेवा, सकाळपर्यंत विरघळतं. दुसरीकडं १ किलो कळीचा चुना थोडं थोडं पाणी घालून फोडा, तो उकळतो, डोळे सांभाळा, गार झाला की गाळून ५० लिटर करा. मग तिसऱ्या बॅरलमध्ये दोन्ही एकाच वेळी बारीक धारेनं ओता आणि लाकडी दांड्यानं ढवळत राहा. छान आकाशी रंग येतो.

आता टेस्ट, ही चुकवायची नाही. घासून चकचकीत केलेला विळा मिनिटभर बुडवा. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद मोकळं राहिलंय, चुन्याची निवळी घाला, परत बुडवा, पातं स्वच्छ निघेपर्यंत. मी एकदा गोणी उघडी राहिलेला चुना वापरला, हवेनं त्याचा जोर गेलेला, टेस्ट केली नाही आणि चार दिवसात अर्ध्या एकराची पानं कडेनं करपली, ती बाग बघवत नव्हती.

कोवळ्या पालवीवर अर्धा टक्काच, म्हणजे दोन्ही अर्धा-अर्धा किलो. डाऊनी दिसायच्या आधी मारा, मोरचुदातलं तांबं पानावर बसून रोगाचे बीजाणू रुजू देत नाही, आत शिरलेला रोग मात्र त्यानं निघत नाही. दुसरं औषध ह्यात मिसळू नका, हातमोजे-मास्क घाला. बनवलेलं त्याच दिवशी संपवा, आणि पंप लगेच धुवा, नाहीतर नोझल चुन्यानं जाम होतात.