शीटवर बरोबरीत, खेळात मार खातोय: मंक क्लास बांधताना या चुका टाळा

प्रभादेवीच्या एका जुन्या इमारतीत, दोन खोल्यांत आम्ही चौघं मिळून एक अ‍ॅक्शन आरपीजी, म्हणजे एक पात्र घेऊन लढायचा आणि त्याला वाढवत न्यायचा व्हिडिओ गेम, बांधतोय. त्यातले क्लास म्हणजे पात्रांचे प्रकार, आणि मंक म्हणजे रिकाम्या हाताने ठोसे मारणारा भिक्खू. गेला अख्खा पावसाळा त्याने खाल्ला.

आकड्यांच्या शीटवर तलवारवाला योद्धा आणि मंक अगदी बरोबरीत होते. योद्धा सेकंदाला एक वार करायचा, ४० डॅमेजचा (शत्रूचा जीव जितका कमी होतो तो आकडा). मंक सेकंदाला चार ठोसे, प्रत्येकी १०. बेरीज तीच. तरी टेस्टला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘मंकमध्ये दम नाही.’ आम्ही ठोसा १० चा ११ केला, मग १२, मग १३. तक्रार काही थांबेना. शेवटी स्क्रीन रेकॉर्ड करून एकेक फ्रेम मोजत बसलो, तेव्हा चोर सापडला: हिटस्टॉप.

फटका बसला की मारणारा आणि मार खाणारा दोघांनाही क्षणभर गोठवतात, त्याला हिटस्टॉप म्हणतात. त्याने फटक्याला वजन येतं. आमच्याकडे तो सगळ्यांना सरसकट ४ फ्रेमचा होता. गेम चालतो सेकंदाला ६० फ्रेमवर, म्हणजे ६० चित्रांवर. योद्ध्याच्या ६० फ्रेमच्या वारात ४ फ्रेम वाढल्या तर दर्यात खसखस. त्याचे ४० चे साडेसदतीस होतात. मंकचा ठोसा मात्र १५ फ्रेमचा. तो झाला १९ चा. म्हणजे सेकंदाला चाराऐवजी जेमतेम ३.१६ ठोसे आणि ४० चे झाले ३१-३२. आमच्या शीटमध्ये हिटस्टॉपचा रकानाच नव्हता.

वर आणखी एक गंमत. एका टेस्टरचा फोन जुना, तो ३० फ्रेमवर चालणारा. ठोशाचा वेळ आम्ही सेकंदात लिहिला होता आणि हिटस्टॉप फ्रेममध्ये. त्याच्या फोनवर त्याच ४ फ्रेम दुप्पट लांब झाल्या आणि त्याचा मंक २६ वर येऊन बसला. तो बिचारा सगळ्यात जास्त ओरडत होता आणि आम्ही त्याला ‘तुला खेळता येत नाही’ म्हणून चिडवत होतो.

उपाय साधा आहे. हिटस्टॉप मिलिसेकंदात लिहा, हत्यारागणिक वेगळा ठेवा, आणि ठोशांच्या मालिकेत फक्त शेवटच्या ठोशाला पूर्ण द्या. आम्ही ते केलं आणि ठोसा १३ वरून १० वर आणायला विसरलो. पुढच्या रविवारी मंकने तिसरा बॉस, म्हणजे लेव्हलच्या शेवटचा मोठा शत्रू, उभा चिरला.

तेव्हापासून मंकबद्दल तक्रार आली की मी मंकची फाइल शेवटी उघडतो. गेममधली बाकीची जवळजवळ प्रत्येक सिस्टीम तलवारवाला माणूस डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असते: आर्मर (चिलखत), अंगठ्या, लूट, दुकान, स्टन (शत्रूला थोडा वेळ जागीच सुन्न करणं). हातात काहीच नसलेला, भराभर मारणारा माणूस त्यातून चालत गेला की कुठे ना कुठे ठेच लागते.

चूक: आर्मर वजा करणं आणि बोनस मिळवणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश.

समजा शत्रूचं आर्मर प्रत्येक फटक्यातून ६ वजा करतं. योद्ध्याच्या ४० चे ३४ राहतात. मंकच्या दहाचे चार, गुणिले चार फटके, म्हणजे १६. आर्मर ९ झालं तर योद्धा ३१ आणि मंक ४. चिलखतवाला राक्षस समोर आला की मंकने घरी जावं.

आता उलट बाजू. खेळाडूला एक अंगठी मिळाली: ‘प्रत्येक फटक्याला ५ जास्त डॅमेज.’ योद्धा ४० चा ४५ होतो. मंक ४० चा थेट ६०. त्यामुळे हाच क्लास एका लेव्हलमध्ये केविलवाणा आणि दुसऱ्या लेव्हलमध्ये दादा वाटतो. टेस्टरांचे दोन गट पडतात, दोघंही खरं बोलत असतात, आणि तुम्ही दोघांच्या मधला आकडा शोधत बसता. असा आकडा अस्तित्वातच नसतो.

आर्मर टक्क्यांत कापायला लावा. आर्मर भागिले आर्मर अधिक १०० हे जुनं, भरवशाचं सूत्र आहे. ५० आर्मर असेल तर एक तृतीयांश डॅमेज कापलं जातं, मग फटका एक असो की चार. अंगठीच्या पाचाचंही तसंच करा. प्रत्येक स्किलला एक गुणक लावा: तलवारीच्या वाराला १, ठोशाला पाव. ‘डायब्लो ३’मध्ये मारता मारता होणाऱ्या परिणामांसाठी असा गुणक वापरला होता, त्याला प्रोक कोएफिशंट म्हणतात.

हा गुणक स्टनलाही लावा, नाहीतर मरण आहे. आमच्याकडे एक कडं होतं, ‘१० टक्के शक्यतेने दोन सेकंद स्टन.’ ऐकायला गरीब. मंक त्या दोन सेकंदांत आठ ठोसे मारतो. आठपैकी एक तरी पुन्हा स्टन करण्याची शक्यता साधारण ५७ टक्के निघते. बॉस उभा राहायचा तो बेस्टच्या स्टॉपवर बस न आलेल्या माणसासारखा. गुणकाशिवाय दुसरं औषध म्हणजे एकदा स्टन झालेल्या शत्रूला काही सेकंद पुन्हा स्टन न होऊ देणं. आम्ही दोन्ही लावलं.

या दुखण्याशी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर फाशांनी खेळायचा आरपीजीही झगडला आहे. त्यात मंक पहिल्यांदा आला १९७५ मध्ये, ब्लॅकमूर या पुरवणीत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मंकला आपल्या नेमक्या बसलेल्या प्रत्येक फटक्यावर एक ‘की’ पॉइंट (त्याच्या आतल्या शक्तीचा साठा) टाकून स्टनचा प्रयत्न करता यायचा. पॉइंट असतील आणि फटके बसतील तितके प्रयत्न एकाच टर्नमध्ये, म्हणजे एकाच पाळीत. २०२४ च्या नव्या नियमांत तो प्रयत्न टर्नमध्ये एकदाच ठेवला. की पॉइंटचं नाव बदलून फोकस पॉइंट झालं तेही त्याच वेळी.

चूक: पळायला शिकवायचं आणि मारायला उभं करायचं

विरार फास्ट पकडून बोरिवलीला उतरायची जिद्द धरणाऱ्या माणसाची जी अवस्था होते, ती ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतल्या मंकची होती. पातळी वाढेल तसा त्याचा वेग वाढत जायचा, सगळ्या पार्टीत तोच सुसाट. पण त्याची खासियत म्हणजे ठोशांचा मारा, आणि तो करायचा तर त्या टर्नमध्ये पाच फुटांपलीकडे हलायचं नाही. धावलात तर एकच फटका. दोन मोठ्या देणग्या, एकमेकींच्या नरड्यावर बसलेल्या.

व्हिडिओ गेममध्ये हीच चूक वेगळं रूप घेते. मंकला झेप देतात, भिंतीवर धावणं देतात आणि मुख्य कॉम्बोला (ठोशांच्या मालिकेला) दीड सेकंदाचं न तुटणारं अ‍ॅनिमेशन लावतात. ओळखायची खूण: खेळाडू झेप फक्त रस्ता कापायला वापरतो, मारामारीत कधीच नाही. कॉम्बो कुठल्याही ठोशानंतर झेपेने तोडता आला पाहिजे, आणि झेपेनंतर कॉम्बो जिथे सुटला तिथून पुढे चालू झाला पाहिजे. आमच्या मंकची चाल त्यानेच सुधारली.

त्या चालीसाठी आमची अ‍ॅनिमेटर चार दिवस शिवाजी पार्कला मल्लखांब बघत बसली होती. त्याआधी आमचा मंक कुठल्याही हाँगकाँगी मारधाडपटातून उचलल्यासारखा दिसायचा. आता त्याच्या स्किलची नावं अढी, बगली, फिरकी अशी आहेत, आणि शत्रूच्या खांद्याला अढी घालून तो वर चढतो तेव्हा पोरं खुर्चीतून उठतात. बॅलन्सशी याचा संबंध इतकाच, की खांबावरचा खेळाडू सतत पकड बदलत असतो आणि हालचाल व पकड वेगळी काढताच येत नाही. आम्हाला हवं ते उत्तर तिथे डोळ्यांसमोर लटकत होतं.

चूक: चुकवण्यावर जगणारा मंक

चिलखत नाही, मग जगणार कसा? डॉज द्या, म्हणजे फटका चुकवण्याची शक्यता. सगळे हेच करतात. डॉजचे टक्के मात्र शेवटाकडे फसवतात. ८० चे ९० झाले की दिसायला दहाच वाढतात, पण लागणारा मार निम्मा होतो. म्हणून दोन वस्तूंचे ४५ आणि ४५ सरळ मिळवू नका. गुणाकाराने ते साधारण ७० वर थांबतात.

आणि ७० वरही प्रश्न सुटत नाही. समजा तीन फटक्यांत मंक मरतो. लागोपाठ तिन्ही बसण्याची शक्यता २.७ टक्के. बॉस लांबलचक लढाईत साठ वेळा मारणार असेल, तर ती वेळ न येण्यापेक्षा येण्याचीच शक्यता जास्त. खेळाडू सगळं नीट करतो, दहा मिनिटं टिकतो आणि अचानक आडवा. ‘माझं काय चुकलं?’ काहीच नाही, फासे फिरले. असा खेळाडू मग परत येत नाही.

मला सगळ्यात हुशार वाटलेला तोडगा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमचा. तिथे २०१२ च्या ‘मिस्ट्स ऑफ पँडारिया’मध्ये मंक आला. त्यातला मार झेलणारा ब्रूमास्टर मार चुकवतो कमी आणि उधारीवर जास्त घेतो: फटक्याचा काही भाग तेव्हाच लागतो, उरलेला पुढच्या काही सेकंदांत हप्त्याहप्त्याने. मधे ठरावीक पेय प्यायलं की उधारीतली काही रक्कम माफ. वाण्याची वही कधी मिटवायची हा निर्णय खेळाडूच्या हातात येतो आणि अचानक मरण टळतं. तसंच्या तसं उचलू नका. पण ‘मार लगेच नको, नंतर’ या कल्पनेला भरपूर जागा आहे.

चूक: दुकानात मंकला काहीच घ्यायचं नसणं

१९८७ च्या पहिल्या ‘फायनल फँटसी’त मंकचा रिकामा हात लेव्हलबरोबर आपोआप जड होत जातो. छान कल्पना, पण तिचे दोन धागे लोंबतात. एक, बाकीचे तलवारीवर पैसे घालवतात तेव्हा याच्या थैलीत सोनं साठतं आणि तो त्याचे औषधांचे बुधले घेतो. आमच्या बाराव्या लेव्हलचा मंक चालतंबोलतं केमिस्टचं दुकान झाला होता. दोन, खजिन्याची पेटी उघडल्यावर कुऱ्हाड निघाली की याचा चेहरा पडतो. दर पेटीला.

‘डायब्लो ३’ने सरळ सांगितलं की मंकनेही हत्यार बाळगायचं, स्किलचं डॅमेज त्यावरूनच मोजणार. आम्हाला हातात काही द्यायचं नव्हतं, म्हणून मनगटावरची कडी आणि हाताला गुंडाळायच्या पट्ट्या आणल्या, तलवारीच्याच भावात. पुन्हा सांगतो, भाव तलवारीचाच ठेवा.

चूक: टाकं

कान्हेरीला गेला असाल तर लेण्यांबाहेरची पाण्याची टाकी आठवत असतील. खडकात खोदलेल्या पन्हळींतून पावसाचं पाणी त्यांत यायचं. चार महिने भरायचं, आठ महिने पुरवायचं. भिक्खूंचा हिशोब चोख होता.

आम्ही मंकच्या शक्तीला ‘टाकं’ म्हणतो आणि सुरुवातीला हाच हिशोब लावला: मुक्काम केला की भरणार. झालं काय, प्रत्येक जण पुढे मोठा बॉस येईल म्हणून पाणी राखून ठेवायचा आणि बॉस मेला तरी टाकं भरलेलंच. उलट ठोशागणिक भरपूर भरू लागलं तेव्हा कुणी टाक्याकडे बघेना, सगळी स्किल बटणं बडवत सुटले. आता ठोशाने भरतं, थांबलात की हळूहळू गळतं. मोजायचं एकच: लढाई संपताना टाकं किती भरलेलं होतं. नेहमी काठोकाठ असेल किंवा नेहमी कोरडं असेल, तर खेळाडू काही ठरवतच नाही.

मंकला बरं करणं, अदृश्य होणं, विष उतरवणं असं सगळं द्यायचा मोह होतो. देऊ नका, इतकंच.

चूक: मंक एकटा तपासणं

२०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये टॅव्हर्न ब्रॉलर नावाची एक देणगी आहे. नावावरून वाटेल, दारूच्या गुत्त्यात खुर्च्या फेकणाऱ्यासाठी. ती रिकाम्या हाताच्या नेमाला आणि डॅमेजला ताकदीचा बोनस दोनदा लावते. मंकची ताकद तशी बेताची. पण ताकद थेट २१ करणारं एक पेय त्याच गेममध्ये मिळतं आणि ते पुढच्या मुक्कामापर्यंत टिकतं. मंक, देणगी आणि बाटली एकत्र आली आणि तो गेममधल्या सर्वांत जबर बिल्डपैकी (पात्राच्या जुळवणींपैकी) एक ठरला. तिन्ही गोष्टी सुट्या बघितल्या तर निरुपद्रवी. म्हणून ‘रिकामा हात’, ‘प्रत्येक फटका’ आणि ‘चिलखत नसताना’ हे शब्द गेमच्या सगळ्या मजकुरात शोधा आणि जिथे जिथे सापडतील त्या सगळ्या वस्तू एकाच मंकच्या अंगावर घालून बघा. आमचा अर्धा दिवस गेला आणि चार बिल्ड मोडीत निघाली.

एवढं करूनही एक तक्रार उरली होती: ‘हलका वाटतो.’ आकडे चोख होते, हिटस्टॉप ठीक होता. शेवटी ठोशाचा आवाज नीट ऐकला. विकत घेतलेल्या संग्रहातला, पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा. टीममधल्या एकाच्या घरी, परळला, स्वयंपाकघरात फोन ठेवून कणकेच्या गोळ्यावर बुक्क्या मारल्या आणि त्या रेकॉर्ड केल्या. काकू बघत उभ्या होत्या, त्या पोळ्या त्या दिवशी फार मऊ झाल्या. पुढच्या रविवारी त्याच टेस्टरने विचारलं, ‘डॅमेज वाढवलंत ना?’ आकड्याला हात लावला नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये कुकरही आलाय. दुसऱ्या शिट्टीनंतरचे तीन फटके तेवढे स्वच्छ आहेत, सध्या गेममध्ये तेच वाजतात.